कार्ड २०१२ चं, ड्रायव्हर या महिन्यातला

सह्यकडा:

दिवाळीआधी माळा आवरताना जुना डेस्कटॉप खाली काढला. त्यात रेडिऑन एचडी ७७५० आहे, २०१२ साली घेतलेलं. एक गिगाबाइट मेमरी, वेगळी पॉवर केबलही न लागणारं साधं कार्ड. भाचा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग शिकायचंय. एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं तर म्हणाले, "याला आता ड्रायव्हर येत नाहीत, नवीन घ्या." विंडोजपुरतं ते खरंच होतं. या कार्डाच्या अख्ख्या पिढीला, आणि तिच्या पुढच्या काही पिढ्यांनाही, एएमडीने जून २०२१ मध्ये जुन्या यादीत टाकलं.

मग लिनक्स टाकलं. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सुरू होतानाच दोन गोष्टी सांगाव्या लागल्या: जुन्या 'रेडिऑन' ड्रायव्हरने या कार्डाला हात लावायचा नाही, नव्या 'एएमडीजीपीयू'ने लावायचा. मशीन उठल्यावर व्हल्कनची, म्हणजे कार्डाकडून चित्र काढून घ्यायच्या आजच्या ठरलेल्या भाषेची, आवृत्ती विचारली. उत्तर आलं १.३. ती ओळ मी दोन-तीनदा वाचली. व्हल्कन १.३ आलं जानेवारी २०२२ मध्ये. आणि हे कार्ड दुकानात आलं तेव्हा व्हल्कन नावाची गोष्टच नव्हती!

हे कुणी केलं, कसं केलं, याच्या मागे गेले तीन आठवडे लागलोय. जे हाती आलं ते इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

सुरुवात १९९२ पासून. सिलिकॉन ग्राफिक्सच्या वर्कस्टेशनवर आयरिस जीएल ही त्यांची स्वतःची लायब्ररी चालायची. त्यातले फक्त त्यांच्याच यंत्रांशी जखडलेले भाग बाजूला काढून त्यांनी ओपनजीएल तयार केलं आणि इतर कंपन्यांनाही खुलं केलं. पण ओपनजीएल म्हणजे मुळात एक दस्तऐवज. अमुक नावाने हाक मारली की तमुक चित्र उमटलं पाहिजे, एवढंच त्यात लिहिलेलं. प्रत्यक्ष उमटवायचं काम ड्रायव्हरचं, आणि तो ज्याने-त्याने आपापला लिहायचा.

१९९३ मध्ये ब्रायन पॉल या प्रोग्रॅमरने, त्याच हाकांना ओ देणारी लायब्ररी फावल्या वेळात लिहायला घेतली. १९९५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. नाव मेसा. तेव्हा तिचा ग्राफिक्स कार्डाशी काही संबंध नव्हता, प्रोसेसरच एकेक पिक्सेल रंगवायचा. आज लिनक्सवर एएमडी, इंटेल, रास्पबेरी पाय, सगळ्यांचे ओपन सोर्स ड्रायव्हर ज्या एका प्रकल्पात राहतात तो हाच.

मधल्या काळात थ्रीडीएफएक्सचं वूडू कार्ड आलं, १९९६ मध्ये. त्यांचा एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने कार्डाला हाक मारायची पद्धत, होता ग्लाइड. वेगवान, सुटसुटीत, पण एकाच कंपनीचा. २००० च्या अखेरीस ती कंपनी संपली आणि फक्त ग्लाइडसाठी लिहिलेले गेम उघड्यावर पडले. मालक एकच असला की काय होतं ते त्या पिढीने तेव्हाच पाहिलं.

माझ्या कार्डाच्या दृष्टीने निर्णायक वर्ष २००७. रेडिऑन कार्डं बनवणारी एटीआय एएमडीने विकत घेऊन वर्ष झालं होतं. त्या सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की कार्डांची तांत्रिक कागदपत्रं खुली करू. कुठल्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं की काय घडतं, ते कागदावर आलं. त्याआधी ओपन सोर्सवाले बऱ्याच गोष्टी चाचपडत शोधत होते.


वेलदोडा:

सह्यकडा, लेख आवडला, पण माझ्यासारख्यांसाठी एक पायरी खाली या. एपीआय आणि ड्रायव्हर यांत नक्की फरक काय? आणि कार्ड तेच असताना नवीन एपीआय त्यावर "येतो" म्हणजे काय होतं? लोखंड तर बदलत नाही.


सह्यकडा:

लग्नाचा आचारी डोळ्यासमोर आणा. तुम्ही त्याला सांगता, "पन्नास पानं, पुरणपोळी." हा झाला एपीआय, म्हणजे काय मागायचं याची ठरलेली भाषा. डाळ किती भिजवायची, किती चुली पेटवायच्या, कुणाला पोळ्या लाटायला बसवायचं, हे आचारी बघतो. तो ड्रायव्हर. चुली आणि कढया म्हणजे कार्ड.

लोखंड बदलत नाही हे बरोबर. पण २०१२ च्या त्या कार्डात जे गणित करणारे भाग आहेत ते कुठल्याही एपीआयसाठी बनवलेले नाहीत. ते छोटे छोटे प्रोग्रॅम चालवतात, बस. नव्या मागणीचं रूपांतर त्या कार्डाला समजणाऱ्या आज्ञांत करणारा कुणी मिळाला, की झालं.


निळीशाई:

आचाऱ्याची उपमा ओपनजीएलला चपखल आहे, व्हल्कनला लावली की मोडते. आणि नेमकी कुठे मोडते तेच या विषयाचं मर्म आहे. मी गेली बारा वर्षं जर्मनीत याच क्षेत्रात काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओपनजीएल हे एक मोठं अवस्थायंत्र आहे. रंग हा, टेक्सचर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र) हे, ब्लेंडिंग (रंगांची सरमिसळ) असं, असे एकेक खटके दाबत जायचं आणि शेवटी म्हणायचं, "काढ." ड्रायव्हरला तोपर्यंत कळतच नाही की नक्की काय हवंय. "काढ" आलं की तो सगळे खटके तपासणार, जुळवणार, प्रसंगी त्याच क्षणी शेडर, म्हणजे कार्डावर चालणारे ते छोटे प्रोग्रॅम, पुन्हा कंपाइल करणार. खेळताना मध्येच चित्र अडखळतं त्याचं हे एक मोठं कारण. शिवाय शेडर ड्रायव्हरकडे मजकूर म्हणून यायचा आणि प्रत्येक कंपनीचा कंपायलर तो आपल्या पद्धतीने वाचायचा. एकाकडे चालणारा शेडर दुसरीकडे चुका दाखवायचा.

त्यामुळे व्हायचं काय, की चांगला ओपनजीएल ड्रायव्हर म्हणजे अंदाज बांधण्यात मुरलेला ड्रायव्हर. मोठ्या कंपन्या एकेका गेमसाठी खास वाटा काढून ठेवायच्या. थोड्या माणसांच्या ओपन सोर्स गटाला ही शर्यत परवडणारी नव्हती. ओपनजीएल ३.० आलं ऑगस्ट २००८ मध्ये. मेसामध्ये ते पोचलं फेब्रुवारी २०१२ मध्ये, साडेतीन वर्षांनी.

२०१३ मध्ये एएमडीने मँटल हा नव्या धर्तीचा एपीआय जाहीर केला. ॲपलने २०१४ मध्ये मेटल, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टथ्रीडी १२ आणलं. मँटलचा पाया क्रोनोस या ओपनजीएल सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या गटाकडे गेला आणि १६ फेब्रुवारी २०१६ ला व्हल्कन १.० प्रसिद्ध झालं. यात आचारी नाही. कोठीघराची किल्ली तुमच्या हातात. मेमरी तुम्ही मागून घ्यायची, तुम्हीच वाटायची. कामांची यादी आधी लिहून काढायची, प्रोसेसरच्या चार धाग्यांवर (थ्रेड्सवर) एकाच वेळी लिहिली तरी चालते, आणि मग एकगठ्ठा कार्डाकडे द्यायची. कोणतं काम कोणासाठी थांबेल तेही तुम्हीच सांगायचं. शेडर स्पर-व्ही या ठरीव मधल्या भाषेत येतो, मजकूर वाचण्याचा घोळ संपला. चुका तपासणारा थर वेगळा काढला, प्रोग्रॅम लिहिताना लावायचा आणि वापरणाऱ्याच्या हाती देताना काढून टाकायचा.

प्रोग्रॅमरचं काम यात वाढलं. पहिला त्रिकोण पडद्यावर आणायला व्हल्कनमध्ये हजारभर ओळी सहज लागतात. सह्यकडा, भाच्याला हे आधी सांगा, नाहीतर आठवड्यात तो हिरमुसेल. पण ड्रायव्हर पातळ झाला! आणि याचा सगळ्यात मोठा फायदा ओपन सोर्सला झाला. इंटेलने आपल्या व्हल्कन ड्रायव्हरचा सोर्स प्रकाशनाच्या दिवशीच खुला केला. एएमडीचा अधिकृत ड्रायव्हर डिसेंबर २०१७ पर्यंत खुला झाला नव्हता. पण त्याची वाट न पाहता डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन या दोघांनी २०१६ मध्येच मेसासाठी आरएडीव्ही लिहायला घेतला होता. दोघांनी! तुमच्या ७७५० वर १.३ दाखवतोय तो हाच. २०२५ मध्ये एएमडीने लिनक्सवरचा स्वतःचा वेगळा ड्रायव्हर बंद करून आरएडीव्हीलाच पाठिंबा जाहीर केला. तो दिवस आमच्याकडे ऑफिसात साजरा झाला.


सह्यकडा:

निळीशाई, मनापासून आभार. मी ड्रायव्हर सुधारला एवढंच पाहत होतो, एपीआयने ड्रायव्हरचं ओझं उतरवलं ही बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. कोठीघराची किल्ली भाच्याला वाचून दाखवली.


जुनी_चकती:

एनव्हिडियाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तो इतिहास इतका सुखाचा नाही, पण त्यात ज्या माणसांनी काम केलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ओपन सोर्स ड्रायव्हर लिहिण्याचा नूवो हा प्रकल्प २००५ च्या सुमारास सुरू झाला. कागदपत्रं नाहीत, मदत नाही. पद्धत अशी होती: कंपनीच्या बंद ड्रायव्हरकडून एखादी छोटी गोष्ट काढून घ्यायची, त्याआधी आणि नंतर कार्डाच्या रजिस्टरमध्ये काय होतं ते टिपायचं आणि फरक पाहायचा. जगभरच्या लोकांनी आपापल्या कार्डांवर तो टिपण घेणारा प्रोग्रॅम चालवून नोंदी पाठवल्या. अशा नोंदींवरून उभा राहिलेला ड्रायव्हर २०१० मध्ये कर्नल २.६.३३ मध्ये गेला.

मग अडचण आली ती वेगळीच. ही कार्डं सुरू होताना कमी वेगावर असतात, ड्रायव्हरने वेग वाढवायचा असतो. २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून ते काम करणाऱ्या फर्मवेअरवर, म्हणजे कार्डाच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रॅमवर, कंपनीची डिजिटल सही लागू लागली. सही नसलेलं फर्मवेअर कार्ड घेतच नाही. म्हणजे ड्रायव्हर बरोबर लिहिला तरी कार्ड पहिल्याच गिअरमध्ये. ही अवस्था कितीतरी वर्षं राहिली.

वाट निघाली ट्युरिंग पिढीमुळे, म्हणजे २०१८ पासूनच्या कार्डांमुळे. त्यांच्यात जीएसपी नावाचा एक छोटा प्रोसेसर आहे आणि वेग, तापमान वगैरे कारभार त्याच्या फर्मवेअरकडे सोपवता येतो. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमधला आपला भाग ओपन सोर्स केला. जीएसपीचं सही केलेलं फर्मवेअर नूवोलाही वापरता येऊ लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फेथ एकस्ट्रँड यांनी एनव्हीके हा नवा व्हल्कन ड्रायव्हर जाहीर केला. आज ट्युरिंग आणि पुढची कार्डं मेसावर नीट पळतात. कर्नलसाठी नोवा हा नवा ड्रायव्हर रस्ट भाषेत लिहिला जातोय.

पण ९०० आणि १००० मालिकांच्या कार्डांना ही वाट नाही, त्यांच्यात जीएसपी नाही. घराघरात आहेत ती कार्डं. बंद ड्रायव्हरच्या शाखा एकेक करून संपतात. त्यांच्याहून जुन्या फर्मी पिढीची ३९० शाखा २०२२ अखेर संपली. जुनं घेताना हे लक्षात ठेवा. सेकंडहँड बाजारात १०७० स्वस्त दिसतं म्हणून लिनक्ससाठी उचलू नका, त्याच पैशात रेडिऑन बघा.


मोरपंखी_पिक्सेल:

मी मुंबईत ॲनिमेशन स्टुडिओत आहे. वरचं सगळं वाचून आनंद झाला, पण कामाची बाजू मांडते. आमचं रेंडरिंग कुडा आणि ऑप्टिक्सवर, म्हणजे कार्डाकडून गणित करून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या एपीआयवर, चालतं. ते एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हरशिवाय नाही. डेडलाइन शुक्रवारची असते तेव्हा मी ड्रायव्हरचा सोर्स खुला आहे का ते विचारत नाही, फ्रेम निघाली का ते विचारते. "रेडिऑन बघा" हा सल्ला घरी शिकणाऱ्याला ठीक आहे, माझ्या टीमला देता येणार नाही.

त्याला पर्याय म्हणून एएमडीचं आरओसीएम आम्ही आजमावलं. अधिकृत पाठिंब्याची कार्डांची यादी छोटी आहे आणि ती बदलत राहते. मला ओपन सोर्सच हवंय, म्हणून ही तक्रार जास्त मनापासून करतेय.


निळीशाई:

मोरपंखी, तुमचं म्हणणं मान्य. चित्र काढण्याच्या बाजूला ओपन सोर्सने गाठलं, गणिताच्या बाजूला अजून नाही. मेसामध्ये २०२२ पासून रस्टिकल हा ओपनसीएलचा, म्हणजे कार्डावर गणित करण्याच्या खुल्या एपीआयचा, भाग आलाय, कारोल हर्बस्ट यांनी लिहिलेला. पण कुडाची जागा तो घेत नाही, कारण कुडा म्हणजे नुसता एपीआय नव्हे, त्यावर पंधरा-वीस वर्षांत लिहिलेल्या लायब्ररींचा डोंगर आहे. ग्लाइडचं उदाहरण सह्यकडांनी दिलंय. कुडासुद्धा एकाच कंपनीचा एपीआय आहे, एवढंच इथे म्हणते.

आणि गेमच्या बाजूबद्दल थोडं, कारण पैसा तिथून आला. फिलिप रेबोले यांनी डीएक्सव्हीके लिहिलं. ते विंडोजच्या गेमच्या डायरेक्टथ्रीडी हाका जागच्या जागी व्हल्कनमध्ये वळवतं. स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हाल्व्हने ते धरून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन, आणलं. २०१९ मध्ये त्यांच्याच लोकांनी आरएडीव्हीसाठी एसीओ नावाचा नवा शेडर कंपायलर दिला, कारण एलएलव्हीएम या सर्वसाधारण कंपायलरवर बेतलेला आधीचा फार वेळ घ्यायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक आलं, आत एएमडीची चिप आणि लिनक्स. एका हातात धरायच्या गेमयंत्रासाठी केलेलं हे काम तुमच्या २०१२ च्या कार्डालाही मिळतं, कारण कोड एकाच झाडावर आहे. २०२५ मध्ये व्हाल्व्हसाठी काम करणाऱ्या टिमूर क्रिश्टोफ यांनी या जुन्या कार्डांची एएमडीजीपीयूमधली उरलेली उणीवही भरून काढली. सह्यकडांना कर्नलला सांगाव्या लागल्या त्या दोन गोष्टी नव्या कर्नलवर हाताने द्यायची गरज उरत नाही.


वेलदोडा:

मग आता सगळं खुलं झालं तर अडतं कुठे? माझ्या मुलाच्या एएमडी कार्डवर लिनक्समध्ये एचडीएमआयने टीव्ही जोडला तर ४के ला १२० हर्ट्झ मिळत नाही. विंडोजमध्ये मिळतं. केबल दोनदा बदलली.


जुनी_चकती:

वेलदोडा, केबलचा दोष नाही. एचडीएमआय २.१ चा तपशील गुप्ततेच्या कराराखाली आहे. एएमडीने त्याचा ओपन सोर्स ड्रायव्हर तयार करून एचडीएमआय फोरमकडे परवानगी मागितली होती, २०२४ च्या फेब्रुवारीत नकार आला. डिस्प्लेपोर्ट वापरा, तिथे ही अडचण नाही. टीव्हीला डिस्प्लेपोर्ट नसतं हे माहीत आहे. मग डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय करणारा सक्रिय ॲडॅप्टर हा एक उपाय, पण तो नीट निवडून घ्यावा लागतो.

असं आधीही झालंय. टेक्सचर दाबून छोटं करायची एस३टीसी पद्धत जवळजवळ प्रत्येक गेममध्ये होती, पण तिच्यावर पेटंट. मेसामध्ये ती ठेवता येत नव्हती, लोक बाहेरून एक वेगळी लायब्ररी आणून जोडायचे. २ ऑक्टोबर २०१७ ला पेटंट संपलं आणि ती लगेच मेसामध्ये आली. व्हिडिओचंही तेच. २०२२ मध्ये फेडोरा या लिनक्सने एच.२६४ आणि एचईव्हीसी या पद्धतींनी दाबलेला व्हिडिओ कार्डावर उलगडण्याची सोय आपल्या मेसामधून काढली, पेटंटच्याच भीतीने. ज्यांचा फेडोरावर व्हिडिओ पाहताना लॅपटॉप तापतो त्यांनी आरपीएम फ्यूजन या फेडोराबाहेरच्या भांडारातलं मेसाचं पॅकेज घालावं.


उंबरठा२०:

मी सावंतवाडीजवळच्या एका हायस्कूलमध्ये शिक्षक आहे. इतक्या जाणकारांत माझा प्रश्न साधा आहे. एका संस्थेकडून शाळेला अकरा जुनी मशीन मिळाली आहेत. प्रोसेसर कोअर आय३, काही दुसऱ्या पिढीचे, काही तिसऱ्या पिढीचे. ग्राफिक्स आतलंच, इंटेलचं. लिनक्स घातलंय, मुलं मराठी टंकन करतात, चित्रं काढतात. नववीच्या चार मुलींना ब्लेंडर हा त्रिमितीय चित्रं आणि ॲनिमेशन करायचा प्रोग्रॅम शिकायचा आहे. नवं ब्लेंडर उतरवलं तर उघडतच नाही, ग्राफिक्स चालत नाही असा संदेश येतो. नवी मशीन घेणं शक्य नाही. काही होईल का?


सह्यकडा:

सर, होईल. आधी कारण सांगतो. तुमच्या दुसऱ्या पिढीच्या मशीनना मेसा ओपनजीएल ३.३ देतं, तिसऱ्या पिढीला ४.२. ब्लेंडरने ४.० आवृत्तीपासून किमान अट ३.३ वरून ४.३ केली. म्हणजे तिसऱ्या पिढीची मशीन एका पायरीने हुकली.

ब्लेंडर ३.६ घ्या. त्याला ३.३ पुरतं. मुलींना शिकायला लागेल ते सगळं त्यात आहे: मॉडेलिंग, साधं ॲनिमेशन, सायकल्स या ब्लेंडरच्याच भागाचं रेंडरिंग प्रोसेसरवर. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दुसऱ्या पिढीच्या याच ग्राफिक्सला इंटेलचा विंडोज ड्रायव्हर ओपनजीएल ३.१ वरच थांबला होता. तुम्ही त्यांवर विंडोज ठेवलं असतं तर हेही ब्लेंडर त्यांच्या अटीत बसलं नसतं.


निळीशाई:

सर, भर घालते. मेसा २२.० मध्ये जुने इंटेल ड्रायव्हर काढून टाकले तेव्हा तुमच्यासारख्या मशीनचं काय, हा प्रश्न आला होता. त्यासाठी क्रोकस नावाचा ड्रायव्हर त्याआधीच नव्या पद्धतीने लिहून ठेवलेला होता. तुमच्या मशीनवर तोच चालत असणार. टर्मिनलमध्ये ग्राफिक्सची माहिती विचारली की 'रेंडरर' अशी ओळ दिसेल. तिथे इंटेलचं नाव हवं. एलएलव्हीएमपाइप दिसलं तर कार्ड वापरलंच जात नाहीये, सगळं प्रोसेसर रंगवतोय, आणि ब्लेंडर अगदीच रांगेल. तसं असेल तर इथे लिहा. आणि मशीनमध्ये मेमरीची एकच पट्टी असेल तर दुसरी जोडा. आतलं ग्राफिक्स मशीनचीच मेमरी वापरतं, दोन पट्ट्यांनी फरक दिसतो.


मोरपंखी_पिक्सेल:

सर, ब्लेंडर ३.६ वर मी मुलींसाठी मराठीतून चार-पाच धडे रेकॉर्ड करून देते. पहिल्या धड्यात काय हवं ते त्यांना विचारून कळवा. मला व्यनि करा.


उंबरठा२०:

आपणा सर्वांचे आभार. आज शाळा सुटल्यावर बसलो. नऊ मशीनवर रेंडररच्या ओळीत इंटेलचं नाव आहे. त्या सगळ्यांवर ब्लेंडर ३.६ उघडलं. दोन मशीनवर एलएलव्हीएमपाइप दिसतंय, दोन्ही दुसऱ्या पिढीची आहेत. दोन मशीनमधल्या मेमरीच्या जादा पट्ट्या काढून दुसरीकडे लावल्या, तिथे फिरवताना चित्र आता कमी अडखळतं.

मोरपंखीताई, मुलींना विचारलं. त्यांना गणपतीची आरास करायची आहे, मखर आणि समया. समईपासून सुरुवात करा म्हणाल्या.


सह्यकडा:

सर, त्या दोन मशीनवर कर्नल सुरू होताना ग्राफिक्स ड्रायव्हर बंद ठेवण्याची सूचना राहून गेली असावी. इन्स्टॉल करताना पडदा काळा पडला की लोक 'नोमोडसेट' हा शब्द घालतात आणि तो तसाच राहतो. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये तो शब्द आहे का बघा. असेल तर काढा, ग्रब अद्ययावत करा आणि मशीन पुन्हा सुरू करा. जमलं नाही तर शनिवारी संध्याकाळी फोनवर एकत्र बघू.